सामान्य शेतकऱ्याची वंशावळ



या व्याख्यानमालेत आजवर राजे, संत, शाहीर आणि पंडित यांच्यावर पुष्कळ बोलले गेले आहे. आज मी एकोणिसाव्या शतकातल्या एका सामान्य शेतकऱ्याविषयी बोलणार आहे. त्याने लढाई मारली नाही, अभंग रचला नाही, सहीच्या जागी नांगराची खूण काढली आणि तो गेला. असा माणूस तुमच्या-माझ्या प्रत्येकाच्या घरात चार-पाच पिढ्यांमागे होऊन गेला आहे. त्याचा माग कसा काढावा, कोणत्या कागदांत तो सापडतो, आणि सापडला की त्याच्याविषयी काय कळते व काय कळत नाही, एवढाच आजचा विषय आहे.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. होमिओपॅथीची प्रॅक्टिस करणारा डॉक्टर आहे. आमच्या शास्त्रात रोग्याची हकीकत घेताना आईवडील, आजी-आजोबा यांना कोणते आजार होते हे विचारावे लागते. चाळीसेक वर्षे हा प्रश्न विचारताना एक गोष्ट ध्यानात आली. आजोबांपर्यंत माणूस भराभर सांगतो, पणजोबांचे नाव आठवून सांगतो, आणि त्यापलीकडे एकदम 'आमचे घराणे मूळचे फार मोठे' असे म्हणतो. पणजोबा आणि 'मोठे घराणे' यांच्यामधली जी रिकामी जागा, तिथेच आपला शेतकरी उभा आहे.

त्याने स्वतः काही लिहिले नाही, पण त्याच्याविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले, कारण तो सारा भरत होता. राज्य कोणाचेही असो, ज्याच्याकडून वसूल घ्यायचा त्याचे नाव मांडून ठेवावेच लागते. म्हणून त्याचा इतिहास देव्हाऱ्यात किंवा बखरीत न शोधता कुलकर्ण्याच्या दप्तरात शोधावा.

पेशवाईतल्या गावदप्तरात थळझाडा नावाचा कागद असे. गावातली जमीन कोणकोणत्या थळांत विभागली आहे आणि ते थळ मुळात कोणत्या कुळाचे, हे त्यात लिहिलेले असे. पुण्याचा कलेक्टर रॉबर्टसन आणि कर्नल साइक्स यांनी इंग्रजी अमलाच्या सुरुवातीस असे कागद मिळवून त्यांचा अभ्यास केला. त्यांत तीन शब्द पुन्हा पुन्हा येतात : मिरासी, उपरी आणि गतकूळ. वंशपरंपरेने जमीन कसणारा तो मिरासदार, बाहेरून येऊन कराराने कसणारा तो उपरी, आणि ज्या कुळाचा वंश खुंटला किंवा जे गाव सोडून गेले ते गतकूळ. थळाला मात्र त्या नाहीशा झालेल्या कुळाचेच नाव चिकटून राही. आजही आपल्या शेतांना अशी नावे असतात, आणि त्या नावाचे कोणीही गावात उरलेले नसते. आपला पूर्वज त्या जमिनीवर उपरी म्हणून आला असण्याचा संभव बराच असतो, हे मनाशी मान्य करून शोधाला लागावे.

याच काळात पुण्याजवळच्या लोणी गावाचे एक तपशीलवार वर्णन लिहिले गेले. लिहिणारा टॉमस कोट्स हा व्यवसायाने सर्जन होता. त्याचा लेख १८२३ साली मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथात छापून आला. शेतकऱ्यांची घरे, भांडी, कपडे, अन्न, जमीन आणि कर्ज यांची त्याने नोंद केली. हे गाव म्हणजे लोणीकंद. पुढे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी त्याच गावाचा पुन्हा अभ्यास करून १९६० साली पुस्तक प्रसिद्ध केले. आपल्या पूर्वजाच्या घरात काय होते याचा कागद मिळाला नाही, तरी त्याच्यासारख्याच्या घरात काय असे हे अशा लेखनावरून कळते. शोधाची ही बाजूही तितकीच महत्त्वाची आहे.

यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे इंग्रजांची मोजणी. प्रिंगल साहेबाची पहिली मोजणी फसली. मग १८३५ साली इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पद्धत सुरू केली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के झाले. आपला बेळगाव जिल्हा १८३६ मध्ये धारवाडपासून वेगळा झाला होता. इकडची मोजणी शतकाच्या मध्यास झाली. ३३ फुटांची साखळी, साखळीचे १६ आणे, एक साखळी लांब व एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. जमिनीचा रंग व खोली पाहून तिच्या नऊ प्रती ठरवल्या, प्रत्येक प्रतीची किंमत आण्यांत धरली, आणि तीस वर्षांसाठी आकार कायम केला. शेताला नंबर मिळाला तो याच वेळी.

हा नंबर म्हणजे आपल्या हातातला दोरा आहे. माणसाचे नाव बदलते, आडनाव बदलते, गाव बदलते, पण सर्व्हे नंबर सहसा बदलत नाही. त्याचे पोटहिस्से पडतात, पुढे गटवारी झाली तर नवा क्रमांक येतो, परंतु जुन्या-नव्याचा मेळ घालणारा कागद असतो. म्हणून माझे पहिले सांगणे असे, की माणसाचा माग नावाने काढू नका, जमिनीने काढा.

नावाने माग काढणारा कुठे अडतो ते पाहा. आपल्याकडे नातवाला आजोबाचे नाव ठेवण्याची चाल. त्यामुळे कागदात 'रामा बिन बाळा' येतो, मग 'बाळा बिन रामा' येतो, पुन्हा 'रामा बिन बाळा' येतो. हे दोन रामे एकच समजले की दोन पिढ्या गळतात आणि एक माणूस शंभर वर्षे जगल्याचे दिसते. शिवाय एकाच आजोबाच्या नावाचे तीन चुलत नातू एकाच गावात एकाच वेळी असतात. ते वेगळे ओळखायचे तर प्रत्येकाचा शेतनंबरच पाहावा लागतो.

आडनावाची तर बातच सोडा. त्या काळच्या पुष्कळ नोंदींत आडनाव नसतेच. ते पुढे शाळेच्या दाखल्यात, नोकरीत किंवा पलटणीत चिकटले. पाटीलकी एका शाखेकडे असे आणि पाटील आडनाव सगळी भावकी लावू लागे. सीमाभागातल्या आम्हा जैन शेतकरी घराण्यांत गोंडा, आप्पा, अण्णा असे शेवट असलेली नावे आणि मराठी आडनावे शेजारी शेजारी नांदतात. लिहिणारा कुलकर्णी मोडीत लिहीत होता की कानडीत, यावर त्याच माणसाच्या नावाचे रूप ठरे. ही दोन माणसे नव्हेत, एकाच माणसाचे दोन उच्चार आहेत.

जन्मगावानेही फसगत होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे उदाहरण घ्या. त्यांचा जन्म १८८७ मध्ये कुंभोजला झाला, घराणे मात्र ऐतवडे बुद्रुकचे. कोणी कुंभोजच्या दप्तरात त्यांच्या वडिलांची वडिलोपार्जित जमीन शोधू लागला तर त्याच्या हाती काय लागणार? बाळंतपणाला माहेरी जायची रीत असल्यामुळे जन्माचे गाव आणि जमिनीचे गाव ही पुष्कळदा निराळी असतात.

आता मोजणीचे कागद कोणते? मोजणीदाराने जागेवर काढलेला आराखडा ते टिपण. क्षेत्र व आकार यांचा गोषवारा तो आकारबंद. याशिवाय प्रतवारीचे पुस्तक, शेतवार पत्रक, वासलेवार, फाळणी असे पुष्कळ प्रकार आहेत. हे कागद भूमी अभिलेख खात्यात मिळतात. १९५६ च्या १ नोव्हेंबरला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. कचेरीची भाषा बदलली, पण आकारबंद आणि टिपण हे शब्द आजही इथल्या कानडी कागदांत तसेच आहेत. बापाच्या नावाआधी 'बिन' आणि नवऱ्याच्या नावाआधी 'कोम' हेही तसेच आहेत. शेताच्या कागदाने भाषेचे भांडण कधीच मानले नाही.

मोजणीच्या कागदाविषयी एक सावधगिरी सांगतो. खातेदार म्हणून ज्याचे नाव लागले तोच जमीन कसत होता असे नाही. एकत्र कुटुंबात थोरल्या भावाचे नाव लागे आणि धाकट्यांचा उल्लेखही नसे. थोरला मेल्यावरही कित्येक वर्षे नाव त्याचेच चाले. कागद आणि वहिवाट यांत अंतर फार पडले म्हणून तर १९०३ साली मुंबई सरकारला हक्कनोंदणीचा कायदा करावा लागला. त्यानंतर गावोगाव फेरफाराच्या नोंदी सुरू झाल्या. कोण मेला, वारस कोण, वाटणी कशी झाली, गहाण काय ठेवले, हे सगळे त्यांत क्रमाने येते. घराण्याचा शोध प्रत्यक्षात इथूनच सुरू करावा आणि मागे मागे जावे. आजचा उतारा, त्यावरचा फेरफार क्रमांक, त्या फेरफारातला आधीचा फेरफार, असे करीत पहिल्या नोंदीपर्यंत पोचले की तिच्यातल्या म्हाताऱ्याचे नाव मोजणीच्या कागदाशी ताडून पाहायचे. जुळले तर आपण एका उडीत १८५० च्या आसपास पोचलो.

पहिली मोजणी आणि तीस वर्षांनंतरची फेरमोजणी यांच्यामध्ये आमच्या भागात एक भयंकर घटना घडली, ती म्हणजे १८७६ ते १८७८ चा दुष्काळ. बेळगाव, धारवाड आणि त्या वेळचा कलादगी जिल्हा यांना त्याची मोठी झळ लागली. शके १७९८ हे धाता संवत्सर आणि १७९९ हे ईश्वर संवत्सर. कागदावर ही दोन नावे दिसली की थांबून नीट वाचावे. खातेदाराला जमीन परवडेनाशी झाली तर तो सरकारात राजीनामा देऊन ती सोडू शकत असे, आणि दुसरा कोणी कबुलायत लिहून ती घेत असे. राजीनामा हा शब्द आज आपण नोकरीसाठी वापरतो. त्या काळी तो शेतकऱ्याने आपल्या शेताला दिलेला निरोप होता.

आमच्याच घरचे सांगतो. ओढ्याकाठची काळी जमीन सावकाराने लुबाडली, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आजी ते सांगताना बोटे मोडीत असे. पुढे जुने कागद मोडी वाचकाकडून वाचून घेतले तेव्हा निघाले ते असे, की जमीन ईश्वर संवत्सरात राजीनाम्याने सोडलेली होती आणि कबुलायत लिहून देणारा आमच्याच पूर्वजाचा चुलत भाऊ होता. सावकार त्या व्यवहारात कुठेच नव्हता. भावकीच्या त्या घराशी आमच्या घराचे येणेजाणे तीन पिढ्या तुटलेले होते. का तुटले हे दोन्हीकडच्या कोणालाच ठाऊक नव्हते, आणि सावकाराची गोष्ट तेवढी उरली होती.

आता या कागदाचा अर्थ काय लावायचा? चुलत भावाने संधी साधली म्हणावे, की जमीन परक्याच्या हाती जाऊ नये म्हणून साऱ्याचा बोजा आपल्या अंगावर घेतला म्हणावे? कागद एवढेच सांगतो, की एकाने सोडली आणि दुसऱ्याने घेतली. मनातला हेतू त्यात लिहिलेला नाही. त्या भावकीतल्या आजच्या कर्त्या माणसाला मी कागदाची नक्कल नेऊन दिली. त्यांनी ती वाचून घेतली आणि म्हणाले, "डॉक्टर, आमच्याकडे सांगतात की तुमच्या लोकांनी बैल विकून गाव सोडले आणि मागचा सारा आम्ही भरला." दोन्ही घरांच्या गोष्टी शेजारी ठेवल्यावर त्या दुष्काळाचे चित्र बरेच पुरे झाले. एवढ्यासाठीच मी म्हणतो, घराण्याचा शोध एका घराने करू नये, भावकीने मिळून करावा.

सावकाराने जमिनी घेतल्या नाहीत असे मात्र यावरून कोणी समजू नये. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले ते कर्जरोखे हाती घेऊन फाडण्या-जाळण्यासाठीच. त्यातूनच १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांविषयीचा कायदा झाला. आपल्या पूर्वजाचे कर्ज शोधायचे तर दुय्यम निबंधकाच्या कचेरीतली जुनी पुस्तके पाहावीत. १८६० नंतरच्या दशकातल्या कायद्यांनी शंभर रुपयांवरच्या स्थावर व्यवहाराची नोंदणी सक्तीची केली. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, दत्तकपत्र हे सगळे तिथे उतरलेले असते. साक्षीदारांची नावे मुद्दाम वाचा. साक्षीला व्याही, मेहुणा, शेजारशेतकरी हेच असतात, आणि कुठेही न सापडणारी सोयरिक तिथे सापडते.

ज्या घराण्याकडे पाटीलकीसारखे वतन होते त्यांचे काम जरा सोपे आहे. दक्षिण मराठा मुलखात इनामांची चौकशी १८४३ पासून सुरू झाली आणि १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला जोर आला. हक्क सिद्ध करायचा तर घराण्याची हकीकत आणि वंशावळ दाखल करावी लागे. पण अशी वंशावळ वाचताना ध्यानात ठेवावे, की ती हक्कासाठी लिहिलेली आहे. जी शाखा हक्कात वाटेकरी झाली असती ती तिच्यातून गाळलेली असू शकते.

आणि बायका? सर्वांत मोठी रिकामी जागा इथे आहे. मुलगी बहुतेक कागदांत नसतेच. बायको येते ती 'कोम' म्हणून, नवरा मेल्यावर, आणि तेही पोरे अज्ञान असतील तर पालनकर्ती म्हणून. म्हणजे आपल्या पणजीचे नाव कागदावर यायला तिच्यावर संकट कोसळावे लागे. तिने दहा-बारा वर्षे एकटीने शेत राखले, सारा भरला, मुले मोठी केली, आणि मुलगा सज्ञान होताच कागदावरून तिचे नाव कमी झाले. अशी एखादी नोंद दिसली तर ती वंशावळीत ठळक लिहा. तिच्यामुळेच पुढचे सगळे आहेत.

मृत्यूच्या नोंदीविषयी डॉक्टर म्हणून दोन शब्द. गावच्या जन्म-मृत्यूच्या पुस्तकात मरणाचे कारण पटकी, देवी, ताप, पोटाचा विकार अशा चार-पाच शब्दांत भागवलेले असते. त्यातल्या 'ताप' या शब्दात हिवताप, विषमज्वर, बाळंतरोग, क्षय असे काहीही दडलेले असू शकते. म्हणून त्यावरून आनुवंशिक आजाराचा निष्कर्ष काढू नये. मात्र एकाच घरात आठ-पंधरा दिवसांत तीन मृत्यू दिसले तर साथ होती हे नक्की. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेला प्लेग पुढे आमच्या भागात आला, आणि १९१८ चा इन्फ्लुएंझा तर गावागावात फिरला. त्या वर्षांच्या वारसनोंदी मुद्दाम पाहाव्यात. काका-पुतणे एकदम दिसेनासे झाल्याचे कोडे तिथे सुटते.

पुष्कळ जण विचारतात, जनगणनेत नाव मिळेल का? आपल्याकडे १८७२ पासून जनगणना झाली, पण घरोघरच्या याद्या जपून ठेवण्याची पद्धत नव्हती. आकडे मिळतात, नावे मिळत नाहीत. शाळेच्या जनरल रजिस्टरात मात्र नाव, बापाचे नाव, जात, गाव हे मिळते. जन्मतारीख १ जून असली तर ती मास्तरांनी दिलेली आहे असे खुशाल समजावे.

कागदाबाहेरचे एक मोठे दप्तर म्हणजे हेळवी. बैल घेऊन सुगीला येणारा, अंगणात उभा राहून घराण्याच्या पिढ्या म्हणणारा हा माणूस दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेला आहे. मूळ गाव कोणते, तिथून का निघालो, दत्तक कोण आला, कोणती शाखा कुठे गेली, हे तो सांगे. त्याच्याजवळ वह्याही असतात. धान्य घेऊन स्तुती करणे हा त्याचा व्यवसाय, म्हणून मोठेपणाच्या गोष्टी जपून घ्याव्यात. पण स्थलांतराचा क्रम आणि शाखांची नावे तो सहसा चुकत नाही. जैन घरांनी आपल्या भट्टारकांच्या मठातून आणि बस्तीतल्या मूर्तींच्या पायाशी असलेल्या लेखांतूनही दात्यांची नावे पाहावीत. ज्यांचे क्षेत्रोपाध्ये नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला आहेत त्यांच्यासाठी तिथल्या नामावळ्या आहेतच.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे इकडच्या आपल्या बांधवांसाठी एक सूचना आहे. होळकर होळ गावचे, शिंदे कण्हेरखेडचे, गायकवाड दावडीचे. त्यांच्या निशाणाबरोबर जो भाऊ उत्तरेत गेला त्याचे नाव फौजेच्या हजेरीत आणि सरदारांच्या दप्तरात सापडते. जो भाऊ मागे नांगर धरून राहिला तो कुठे आहे? तो गावच्या थळझाड्यात आणि पुण्याच्या पेशवे दप्तरात आहे. उत्तरेतल्या घराण्यांनी दीडदोनशे वर्षे जपलेली 'मूळ गाव अमुक' ही एक ओळ घेऊन त्या गावी एकदा जावे. जमीन मागायला नव्हे, नाव जुळवायला.

या सगळ्या कामात खरी अडचण मोडीची आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेत शिकवत, आणि तेव्हा शिकलेली पिढी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे. कालगणनाही शिकावी लागते. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. सुहूर सन मात्र अरबी शब्दांत लिहिलेला असतो आणि मृगापासून बदलतो. 'इसन्ने अशर मयातैन व अलफ' म्हणजे १२१२. त्यात ५९९ मिळवले की १८११ येते. चार संध्याकाळी बसले तर हे कोणालाही जमते.

आपल्या मंडळाला माझी विनंती आहे, की दर वर्षी दहा तरुणांना मोडी शिकवण्याचा वर्ग चालवावा आणि सभासदांच्या घरचे जुने कागद त्या वर्गात वाचावेत. मूळ कागद घरीच राहू दे, फक्त त्याची छायाचित्रे आणि बाळबोध नक्कल मंडळात ठेवावी. पोटमाळ्यावरच्या ट्रंकेत वाळवी कोणाची परवानगी विचारत नाही.

तोवर प्रत्येकाने एक काम आजच करावे. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसून शेतांची नावे लिहून घ्यावीत. माणसांची नावे विसरलेली म्हातारी माणसे शेतांची नावे मात्र अचूक सांगतात. ओढ्याकडचे, चिंचेचे, देवाच्या माळाजवळचे, बांध कोणाशी लागून आहे, विहीर कोणी खणली. त्या यादीसमोर सर्व्हे नंबर लिहा. मग सातबारा किंवा पहाणीचा उतारा काढा आणि त्यावरचा सर्वांत जुना फेरफार क्रमांक शोधा.

तिथे जो सापडेल तो कदाचित सरदार नसेल. बहुधा नसेलच. सात एकर कोरडवाहू, दोन बैल, डोक्यावर कर्ज आणि एका दुष्काळात सोडलेले शेत, एवढीच त्याची मिळकत निघेल. पण धाता आणि ईश्वर या दोन संवत्सरांतून तो किंवा त्याचे एखादे मूल जिवंत बाहेर पडले, म्हणून आपण आज या सभागृहात बसलो आहोत. त्याचे नाव निदान त्याच्या वंशजांना ठाऊक असावे.